सुमनचा दिनार

६ ऑक्टोबर, सोमवार
तापातून उठल्यापासून सुमन ठीक आहे. भूक चांगली. फक्त आज वारज्याच्या भाजीवाल्याला म्हणाली, "मेथीला अडीचशे फिल्स?" तो हसला. मी पैसे देऊन तिला घरी आणलं. फिल्स म्हणजे काय?
"अहो, हजार फिल्सचा एक दिनार. कुवेतचा."
बायकोचा पासपोर्टसुद्धा काढलेला नाही कधी.

९ ऑक्टो.
पेपर चाळताना, आपणहून: "पूर्वी तिकडे आपलेच रुपये चालायचे. दिनार मागाहून आला." कॉम्प्युटरवर पाहिलं. बरोबर. पाव दिनाराचीही नोट असते, हेही बरोबर. उजेडात धरली की कागदात ससाण्याचं डोकं दिसतं, तेही.
डॉ. म्हणतात, कुठेतरी ऐकलं असेल. एवढं सांगायला फी घेतात.

१४ ऑक्टो.
विचारलं, तुला हे कोणी सांगितलं?
"ह्यांनी."
लग्नापासून ती मलाच 'हे' म्हणते. मी कधी सांगितलं?
"तुम्ही नाही हो," म्हणाली आणि हसली.
भीती वाटली. फार वाटली.

१८ ऑक्टो.
कॅम्पात परकीय नोटा बदलून देतात, तिथून एक दिनाराची नोट आणली. पाडव्याला ओवाळणी म्हणून हीच घालणार. खरी नोट हातात आली की ओळखता यायची नाही, मग भ्रम उतरेल. समोरच्याची चूक दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही. ऑफिसातही याच गुणावर लोकप्रिय होतो.

२२ ऑक्टो., पाडवा
तिने ओवाळलं. तबकात नोट घातली. तिने ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली. डोळे भरून आले.
"ह्यांनी पाठवली ना तुमच्याबरोबर?"
निरांजन तसंच ठेवून आत साड्या काढायला गेली. मी पाटावरच. आणायलाच नको होती ती नोट.

२३ ऑक्टो., भाऊबीज
सकाळीच पाट, रांगोळी. सुमनला भाऊ नाही.
"बसा, दादा."
बसलो. नाही म्हटलं असतं तर मी तिचा कोणीच उरलो नसतो. मन लावून ओवाळलं तिने.
आता बॅग घेऊन दाराशी बसली आहे. हे येतायत न्यायला, म्हणते. मी समोर बसून हे लिहितोय, दुसरं काही सुचत नाही.
आपल्या मजल्यावर लिफ्ट थांबली. तिने केस सारखे केले, दाराकडे बघून हसली. इतक्या वर्षांत माझ्यासाठी अशी कधी हसली नाही.