फत्तेसिंहरावांचा 'राव' कुठे गेला

रावपुरा, बडोदे
रविवार

ती. लीलाआत्यास ऋचाचा वाकून नमस्कार.

नागपूरच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत? आई म्हणते, तू जिन्यात मुद्दाम कण्हतेस, म्हणजे सून चहा वर आणून देते. (हे आईने सांगितलं असं सांगू नकोस.) इकडे सगळे मजामा. माझ्या साखरपुड्याला तू आली नाहीस, त्यामुळे बडोद्यातला सगळ्यात हुशार प्रोग्रॅम चालताना बघायचं तुझं राहून गेलं. तो मी लिहिला होता.

सयाजीगंजच्या हॉलवर पाहुण्याने दारात नाव सांगायचं, मैत्रीण कोमलने ते लॅपटॉपवर टाइप करायचं आणि स्पीकरने स्वागत करून जेवणाचं टेबल सांगायचं, अशी माझी योजना. यासाठी प्रोग्रॅममध्ये डिक्शनरी असते. शब्दकोश नव्हे गं. नाव दिलं की त्याच्यासमोरचं टेबल काढून देते. पण भारी हट्टी! नाव नोंदवलंय अगदी तस्संच द्यायचं, नाहीतर 'असं कुणी नाही' म्हणून मोकळी. आणि आपल्याकडे एका माणसाला एक नाव असतं का? माझे होणारे सासरे आईच्या यादीत फत्तेसिंहराव, शेजारच्या बेनच्या तोंडी फत्तेसिंहभाई आणि पीयूषच्या यादीत नुसते 'पप्पा' (ते मी हाताने दुरुस्त केलं, नवरा होणार म्हणे माझा!). तालमीत स्पीकर निम्म्या पाहुण्यांना 'असं कुणी नाही' म्हणायला लागला.

दुसरी कुणी रडत बसली असती. मी चाळणी लिहिली. नोंदवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी नावामागचे राव, भाई, बेन, ताई, साहेब सगळे उडवायचे. राहील ते मूळ नाव. अगं, एकही पाहुणा चुकेना! गोरव्याच्या आमच्या कंपनीतल्या साहेबांनीही मान डोलावली. (तोंडात बटाटेवडा होता, पण मान माझ्याच कामाला डोलावली.)

मग सासरे आले. सोनेरी काठाचा फेटा, मागे सगळा गोतावळा. कोमलने 'फत्तेसिंहराव साहेब' टाइप केलं, प्रोग्रॅमने क्षणात शोधलं आणि अख्ख्या हॉलमध्ये आवाज घुमला, "पधारो फत्तेसिंह, टेबल नंबर चार!"

शोध अचूक होता, हे कुणी लक्षातच घेत नाही. अंगठ्या घालून झाल्या, पण सासरे श्रीखंडाला हात न लावता निघून गेले. आता लग्नाची तारीख धरू देत नाहीत. म्हणतात, ज्या पोरीने चारचौघांत माझा राव काढला तिला मी सून म्हणू? पीयूष बिचारा समजूत घालून घालून अर्धा झालाय. मीसुद्धा, तुला म्हणून सांगते, उशीत तोंड खुपसून रडले. पण आत्या, प्रोग्रॅम फक्कड होता गं.

तुझी,
ऋचा

ता. क. शोधायचं नाव एक आणि हाक मारायचं नाव वेगळं ठेवायचं, एवढंच राहिलं होतं. बसल्या बैठकीला करून टाकलं. आता प्रोग्रॅममध्ये नाव ठेवायला जागा नाही.

आणखी एक ता. क. पत्र खरं यासाठी लिहिलं. सासरे आमचा कुणाचाच फोन उचलत नाहीत. आई म्हणते, इथल्या शाळेत तू त्यांना सगळ्यांदेखत 'फत्या' म्हणायचीस आणि ते खुशाल 'ओ' द्यायचे. एक फोन कर ना गं.

शेवटचं. डिक्शनरीत आता त्यांच्या सगळ्या नावांची सोय केली आहे. 'फत्या' तेवढं घातलं नाही. त्या नावाने ते फक्त तुलाच सापडतात.