दातानं फाडलेला झेंडा

१० फेब्रुवारी १९४८, जालना
नखांत रक्त आहे. दोनदा हात धुतले तरी जात न्हाई.
उद्या तालीम खात्याचे मोहतमीमसाहेब शाळा तपासायला येणार म्हणून आज झेंडासलामीचा सराव. मुली रांगेत. दिवाळीपासून मोठ्या बाईंना सांगून राह्यले, खांबाला वाळवी लागली, बुडात हात घातला तर भुसा निघतो. त्यांचं एकच, "वरून मंजुरी न्हाई आली." हमीदाबी (मुलींना घरोघरून आणती-नेती ती आमची आया) दोरी ओढायला गेली अन् खांब बुडातून मोडला. टोकाचं पितळी पातं तिच्या दंडात. रक्त असं उडालं की पहिल्या रांगेतल्या पोरींच्या परकरावर.
झेंडा तिच्या अंगावरच पडल्ता. पट्टी काढायला गेले, शिवण निघेना. दातात धरून फाडला, दंडाला वरून करकचून आवळला. टांग्यात घातली, दवाखाना. डॉक्टर म्हणाले, "पट्टी कुणी बांधली? त्या पट्टीनंच जगली ही."
अन् मोठ्या बाई? पायरीवर उभ्या राहून ओरडत होत्या. "झेंडा! अहो बाई, झेंडा!" माणूस न्हाई दिसलं त्यांना.

११ फेब्रु.
मोहतमीमसाहेब आले. हमीदाबी कशी आहे, एका शब्दानं विचारलं न्हाई. पहिला सवाल, परचम कुठाय? झेंडा!
मोडका खांब तिथंच पडल्ता. त्याच्याकडं बघितलं न्हाई कुणी.
दवाखान्यात माणूस धाडला. कंपाउंडरनं कापून टोपलीत टाकल्ता, टोपली जाळून झाल्ती. मंग साहेब मला म्हणतात, "म्हणजे फाडला, कचऱ्यात टाकला, जाळला." मी म्हणाले, "साहेब, मी फक्त बांधला." मोठ्या बाईंकडं बघितलं. त्या जमिनीकडं.
सरकारच्या आसफिया झेंड्याची बेअदबी. मोठा गुन्हा आहे म्हणे. वाळवीचा गुन्हा कुठल्या कायद्यात बसतो ते विचारावंसं वाटलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१३ फेब्रु.
हुकूम आला. मुअत्तल. शाळेत पाय ठेवायचा न्हाई, मुकदमा चालणार.
आठ वर्षं शिकवलं. नवरा गेल्यावर दादानंच मला शिकवून मास्तरीण केली, आता तोच दारात उभा राहून म्हणतो, "अनसूया, माफीनामा लिहून दे. आपल्याला गावात राह्यचंय." दादा जिनिंगमध्ये मुनीम. मालकाच्या कानावर गेलंय. भेला आहे.
माफीनाम्याचा मजकूर त्यांनीच लिहून धाडला. "मी जाणूनबुजून बेअदबी केली, त्याबद्दल..." जाणूनबुजून! मी म्हणाले, हा शब्द खोडा, सही करते. शब्द खोडायला तयार न्हाईत. मंग कागद चुलीत घातला. वहिनी भाकरी थापत राह्यली, लई जोरात.

२० फेब्रु.
वहिनीचा मावसभाऊ आल्ता, वसंता. सरहद्दीपलीकडच्या चळवळवाल्यांच्या छावणीतून. दाढी वाढलेली, डोळे चमकून राह्यलेले. मला खाली वाकून नमस्कार!
"ताई, कमाल केलीत. कोर्टात ठणकावून सांगा, हो, मुद्दाम फाडला. आम्ही पत्रक काढतो. सगळ्या मराठवाड्यात नाव होईल."
"मुद्दाम न्हाई फाडला. बाई मरत होती."
"ते तुम्हाला ठाऊक. लोकांना कशाला?"
हाकलला. अंगाची आग झाली. साहेबालाही मी मुद्दाम फाडलेला पाह्यजे, ह्यालाही. हमीदाबीचा दंड दोघांनाही नको. त्या दिवशी ती मेली असती तर दोघांचंही काम झालंच असतं.
जाताना म्हणतो, "आया मुसलमान होती हे मात्र पत्रकात नको घ्यायला." हे ऐकून वहिनीसुद्धा उठून आत गेली.

४ मार्च
बाजारात हमीदाबी भेटली. हात गळ्यात. बोटं हलत न्हाईत, डॉक्टर कधी म्हणतात हलतील, कधी म्हणतात न्हाई हलणार. वांग्याच्या ढिगाआड उभी राहून बोलली, चोरासारखी.
"बाई, मेरेकू साक्षीला बोलवलंय. क्या बोलूं?"
"जे झालं ते."
"याकूब बोलता, बाईनं सरकारला शिवी देऊन फाडला असं सांग." याकूब तिचा भाऊ. नवऱ्यानं टाकल्यापासून ती त्याच्याच घरी. तो आता खाकी घालून कवायत करतो, काठी घेऊन फिरतो, मस्तगडातले दुकानदार त्याला बघून फळ्या लावून घेतात.
"मी शिवी दिली का?"
"नै."
"मंग नको सांगू."
"नै बोलूंगी," म्हणाली. डोळ्यात पाणी. मला वाटलं, सुटले.

२२ मार्च
कोर्ट. लिहिताना निब कागदात घुसून राह्यलंय.
सरकारी वकील विचारतो, "तुमच्या अंगावर लुगडं होतं. पदर होता. तो का नाही फाडला?"
भरल्या कोर्टात. मागं दोघंतिघं हसले. दादानं मान खाली घातली. मी म्हणाले, "सुचलं न्हाई. समोर कापड होतं, घेतलं."
"कापड?" तो मुन्सिफसाहेबांकडं वळला. "हुजूर, लिहून घ्यावं. ही परचमला कापड म्हणते."
आमच्या वकिलानं कपाळाला हात लावला. कापड न्हाई तर काय होतं? आंब्याची साल होती?
मंग हमीदाबी. बुरख्यात. आवाज बारीक.
"कुणी फाडला?" "बाईंनी." "कसा?" "दातानं." "तेव्हा त्या रागात होत्या?"
मागं एकदा बघितलं. मंग म्हणाली, "हौ. लई रागात होत्या."
"बस," वकील म्हणाला. तिला बसवलं.
शिवी न्हाई सांगितली. वचन पाळलं. जे झालं तेच सांगितलं, एक अक्षर खोटं न्हाई! मी रागात होतेच की. खांबाच्या, मोठ्या बाईंच्या, त्या निघत नसलेल्या शिवणीच्या रागात. पण "माझा दंड फाटल्ता, रक्त जाऊन राह्यल्तं, म्हणून बाईंनी फाडला," एवढं एक वाक्य तिच्या तोंडातून न्हाई निघालं. विचारलं न्हाई म्हणून सांगितलं न्हाई? जीव तुझा होता ना?
खोटं बोलली असती तर इतका राग आला नसता.

२९ मार्च
तीन महिने कैद. नोकरी गेली. मुन्सिफसाहेब म्हातारे, वाचताना वर बघितलं न्हाई.
उद्या नेतील. वहिनीनं दोन लुगडी बांधून दिली. बोलली एवढंच, "तिथं थंडी असते म्हणे फरशीची."

५ जुलै
परत. तिथं लिहायला काही न्हवतं.
चळवळीतल्या बाया होत्या कोठडीत. पहिल्या दिवशी विचारलं, "कुठला सत्याग्रह?" मी म्हणाले, "खांब मोडला." हसायला लागल्या. मंग सगळं सांगितलं. त्यातली एक म्हातारी रोज माझी वेणी घालायची. एवढंच बरं होतं.
गल्लीतल्या बाया विहिरीवर जागा करून देतात, बोलत न्हाईत. हमीदाबी अजून त्याच शाळेत, एका हातानं मुली नेते-आणते. समोरून येताना दिसली. मी रस्ता बदलला.

१६ सप्टेंबर
फौज आली. हिंदुस्थानची. सकाळपासून लोक रस्त्यावर, गुलाल कुठून आला कोण जाणे. दादा लहान पोरासारखा रडला. मीसुद्धा. का न रडावं? उंच आवाजात बोलायचं म्हटलं तरी वर्षभर मागं बघावं लागायचं.
याकूब अन् त्याची खाकी टोळी रातोरात पसार.

२० सप्टें.
हमीदाबीच्या गल्लीत दारं फोडली. याकूबचं घर पहिलं. तो तर गेल्ता. घरात ती अन् दोघांची म्हातारी आई. मारलं न्हाई म्हणतात, भांडी, धान्य, शेळी नेली. नेणाऱ्यांत आमच्या शेजारचा सोन्या होता, कालपर्यंत याकूबला वाकून सलाम करायचा. शेळी त्याच्या ओट्याला बांधलेली मी बघितली. विचारलं, "कुणाची रे?" म्हणतो, "आपली."
मनात आलं, बरं झालं तिचं. आलं. लिहून ठेवते.
मंग दिवसभर जेवण गेलं न्हाई.

२ ऑक्टोबर
वसंता आला. आता दाढी काढलेली, पांढरी टोपी, कमेटीत आहे. सोबत चौघं. ओसरीवर बसले. दादानं चहा केला, मालकाघरचे कप आणून!
पुढच्या रविवारी शाळेत नवा झेंडा लागायचा. तो मी चढवायचा. भाषण त्यांनी लिहून आणलंय. "जुलमी झेंडा दातांनी फाडणारी वीरभगिनी." नोकरी परत, अन् मोठ्या बाईंच्या जागेवर. दादाचा चेहरा उजळला. मलाही वाटलं, का न्हाई? तीन महिने फरशीवर निजले, फुकट न्हाई.
मंग दुसरा कागद काढला. "ही एक सही पाह्यजे." वाचला. हमीदाबीनं कोर्टात खोटी साक्ष देऊन मला कैद घडवली. याकूबच्या टोळीला सामील होती. म्हणून तिला धरावं.
"खोटी न्हवती," मी म्हणाले.
"ताई, तिच्यामुळं तुम्ही जेलात गेलात."
"हो. पण खोटी न्हवती."
"मंग भाषणात तरी काय वेगळं आहे? दातानं फाडला, रागात फाडला. तिचीच साक्ष आहे ती!" वसंता हसला. त्याला हसू येऊन राह्यलं.
त्याच शब्दांनी मला आत घातलं, त्याच शब्दांनी आता हार घालणार, अन् त्याच शब्दांसाठी तिला आत टाकणार. मी उठून कप गोळा केले. चहा अर्धा होता त्यांचा.
ते गेल्यावर दादा ओरडला. "तुला नेमकं पाह्यजे तरी काय?"


४ ऑक्टो.
सही न्हाई केली तरी कागद कचेरीत गेलाच. हमीदाबीला उद्या बोलावलंय.
गेले तिच्याकडं. जेलातून आल्यापासून पहिल्यांदा. फळीला दोरी बांधून दार उभं केलंय. मला बघून उठली, पुन्हा बसली.
मी सरळच विचारलं. "तुझा दंड फाटल्ता, हे का न्हाई सांगितलंस?"
"पूछा नै किसीने."
"पूछा नै! तुझ्या तोंडाला कुलूप होतं? मी जेलात सडले."
तीसुद्धा चिडली. आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तिचा वरचा आवाज. "याकूब मागं बसल्ता, बाई! शिवी सांग म्हणून रात्रभर मारलं होतं मला, ह्याच हातावर. शिवी नै बोली मैं. उतनाच होता मेरे पास. उतनाच दिया."
म्हातारी कोपऱ्यातून "चुप, चुप" करून राह्यली.
राग गेला असं न्हाई. पण कुठं ठेवावा ते समजेना.
"उद्या मी येते," म्हणाले. "पुरं सांग. मी बाजूला उभी राहीन."

५ ऑक्टो.
सकाळपासून कचेरीत. बाहेर बाकावर आम्ही दोघी. येणारा-जाणारा बघून जातो. एक जण थुंकला, तिच्याकडं का माझ्याकडं ते कळलं न्हाई.
साहेब नवीन, दूरचा, मराठी तोडकी. बरा वाटला. हमीदाबीनं सगळं सांगितलं. खांब, पातं, रक्त, पट्टी, याकूब. बाही वर करून दंड दाखवला. कमेटीचा कारकून लिहून घेत होता. अंगठा लावायला कागद पुढं केला. मी म्हणाले, थांब, मला वाचू दे. लिहिलं होतं, "मी दबावाखाली खोटी साक्ष दिली हे कबूल करते."
"ही असं बोलली?" मी विचारलं. सगळी कचेरी ऐकेल असं.
कारकून म्हणतो, "अर्थ तोच."
"अर्थ तोच न्हाई! खोटी न्हवती साक्ष. पुन्हा लिहा."
साहेबांनी कागद मागितला, कारकुनाकडं अन् माझ्याकडं बघितलं. म्हणाले, पुन्हा बोलावू. तोपर्यंत गाव सोडायचं न्हाई. तिला म्हणाले का मलासुद्धा, विचारलं तर पुढच्या माणसाला हाक मारली.
निघताना वसंता दारातच म्हणाला, "रविवारी दुसऱ्या कुणाला सांगतो मंग. अन् ताई, नव्या झेंड्याबद्दल जरा जपून बोलत जा. त्याचाही कायदा येणार आहे."
रस्त्यात हमीदाबी म्हणाली, "मेरेकू शाळेत ठेवतील?"
"माहीत न्हाई."
"तुमाला घेतील?"
"माहीत न्हाई."
तिच्या गल्लीच्या तोंडाशी सोन्या अन् दहाबारा जण उभे. आम्हाला बघून बोलायचे थांबले. म्हातारीला सकाळीच नात्यातल्या बाईकडं पोचवलं होतं, हे बरं. मी हमीदाबीचा चांगला हात धरला अन् सरळ आमच्या घराकडं वळले.
वहिनी दारात. मला बघितलं, तिला बघितलं. वाट दिली न्हाई, अडवलीसुद्धा न्हाई. मी म्हणाले, "वहिनी, सकाळपासून पाणी न्हाई आम्हाला."
आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज. मंग पाणी आणलं. एकच पेला.
मी तो हमीदाबीला दिला.
दादा जिनिंगमधून अजून यायचाय.