कंपनीतून निघाली तशी

१२ जानेवारी

ब्लँकेटं धुवायचा दिवस होता तो. पहाटेच भिजत घातली होती. मग दूध तापवलं, लेकीचा डबा भरला, ती कॉलेजला गेली. अंगणात बसून एकेक ब्लँकेट पायाने तुडवलं आणि चारी दोरीवर टाकली – दोन निळी, एक चौकड्यांचं, एक जाड करडं. हात पुसतेय तोच हे फाटकातून आत आले. उलटे चालत, हातवारे करत. समोर दोराने ओढत आणलेलं ते धूड. पुढचा एक दिवा नाही, हौद्यात गवत उगवलेलं, मागचा फाळका तारेने बांधलेला.

"हे काय?"

"पिकअप. आपल्या दोघांपेक्षा वयाने मोठी आहे. अहोजाहो कर तिला."

मी दोरीवरची ब्लँकेटं बाजूला सरकवली आणि त्यांच्या खालून ती शेडमध्ये गेली. तेव्हापासून शेड तिची.

आज हे आठवलं, कारण वाहन-संग्रहालयातून फोन आला. पुढच्या महिन्यात त्यांच्या तपासनीस बाई येणार. गाडी पूर्ण अस्सल निघाली तर संग्रहालय ती कायमची ठेवून घेणार. यांनी जायच्या थोडं आधी अर्ज केला होता. मी पार विसरले होते. यांचा एकच हट्ट – गाडी कंपनीतून निघाली तशी व्हायला हवी. खिळासुद्धा वेगळा नको. "एकदा कोणी जाणत्याने म्हणावं, अशीच निघाली होती. मग मी सुटलो."

ते न ऐकताच सुटले. आता ते वाक्य यांच्या वतीने मी ऐकायचं.

१३ जानेवारी

लेकीला सांगितलं. खूश झाली. "बरं झालं आई. बाबांचं स्वप्न पूर्ण होईल, आणि गाडीही नीट राहील. मग तूही इकडे ये राहायला. एकटी कशाला तिथे?"

गाडी आणि मी. एका दमात दोघींना हलवलं.

१५ जानेवारी

शेड उघडली. अवजारांच्या पेटीवर यांचा चष्मा आहे तसाच. पुसला, परत तिथेच ठेवला.

मिस्त्री आला. काठी टेकत. यांच्याबरोबर इतकी वर्षं त्या गाडीखाली पडून राहिला, आता गुडघा साथ देत नाही. ऑपरेशन झालंय, गाडीत चढायचं नाही, खाली बसायचं नाही. म्हणाला, "वहिनी, मी तोंड चालवतो, हात तुमचे."

"तुमचं तोंड कधी बंद होतं म्हणून आता चालवायचं?"

हसला. मग गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला.

१८ जानेवारी

सुट्या भागांचं पुस्तक वाचतेय. शाळा लवकर सुटली माझी, पण वाचायची खोड सुटली नाही. हे वाचनालयातून कादंबऱ्या आणून द्यायचे, त्या संपल्या की मी हे पुस्तक घ्यायचे. प्रत्येक भागाचं चित्र, भाग उलगडून हवेत तरंगत असल्यासारखे. कादंबरीपेक्षा बरं. यात कोणी मरत नाही, नुसते झिजतात. आणि झिजलेल्याला कोणी नावं ठेवत नाही.

हॉर्नचं बटण सापडत नव्हतं म्हणून मिस्त्रीने एक जुनंच पण दुसऱ्या गाडीचं आणलं. मी चित्र दाखवलं – आपल्या बटणावर तीन वर्तुळं, याच्यावर दोन. "तीन आणि दोनात काय फरक पडतो वहिनी? आवाज तोच येणार." मग स्वतःच म्हणाला, "दादा असते तर हे बटण माझ्याच डोक्यावर वाजवलं असतं." संध्याकाळी तीन वर्तुळांचं बटण मिळालं. यांच्या शिवणाच्या डब्यात, सुयांमध्ये. सीट यांनी स्वतः शिवली होती, तेव्हा पडलं असेल.

२२ जानेवारी

तपासणीच्या दिवशी गाडी आपल्या चाकांवर शेडबाहेर आली पाहिजे, असा नियम आहे. मिस्त्रीला चढता येत नाही. लेक आणि जावई दोघंही म्हणाले, ते जुने गिअर आम्हाला जमणार नाहीत. राहिले कोण?

माझा परवाना आहे. यांनी हट्टाने काढायला लावला, दर वेळी मुदत वाढवून घेतली. तरी गाडी मी कधी चालवली नाही. हे म्हणायचे, शीक गं. मी म्हणायचे, मला बाजूचीच जागा बरी, सगळं दिसतं. खरंच दिसायचं. मी ही एवढीशी, दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसले की डॅशबोर्ड बघत जायचं. या गाडीत मात्र रस्ता, शेतं, पूल, समोरून येणाऱ्याचा चेहरा – सगळं. मी एकदा म्हटलंही, "या कंपनीने बुटक्या बायकांचा विचार केलाय हो." हे गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "चांगली कंपनी होती."

आज स्टिअरिंगमागे बसले तर काहीच दिसेना. सीट एकच, सलग, पण यांच्या बाजूला मी पार खाली. यांच्या वजनाने दबली असणार. उशी घेतली. क्लच दाबला की उशी मागे सरकते आणि मी खाली जाते. मिस्त्री बाहेरून ओरडतो, "वहिनी, दिसत नाही तुम्ही! गाडी आपली आपणच चाललीय!"

म्हटलं, ही बाजू उसवून थोडी भरून घेऊ का? मिस्त्री एकदम म्हणाला, "सीटला हात लावू नका. ती झालेली आहे." इतकं तोडून तो कधी बोलत नाही.

२३ जानेवारी

गाडी एक हात पुढे, एक हात मागे. शेडच्या खांबाला लागली नाही. खांबाचं नशीब.

२९ जानेवारी

आज घात केला होता. बॉनेट उघडून आतला पत्रा पुसत होते. एका कोपऱ्यात काळपट डाग दिसला म्हणून भांडी घासायची घासणी घेतली आणि सवयीने जोर लावला. मिस्त्री चहाचा कप टाकून आला. "वहिनी! ते कढईचं बूड नाही!" तो डाग नव्हता. गाडी कारखान्यातून बाहेर काढताना कोणी तरी खडूने केलेली खूण होती. बरोबरची खूण. अर्धी गेली.

इतकी वर्षं ऊन, पाऊस, गवत सगळ्यांतून टिकली आणि माझ्या घासणीने गेली. रडू आलं. मिस्त्री म्हणाला, "अर्धी राहिलीय ना? अर्धीवरून कळतं." मग कप उचलून म्हणाला, "आता हाही अर्धाच राहिलाय."

जेवण गेलं नाही. यांच्या हातून एवढ्या वर्षांत असं एकदाही झालं नाही.

४ फेब्रुवारी

थंडी परत आली. जाड करडं ब्लँकेट हवं होतं. ते गाडी आली त्याच वर्षी दोरीवरून नाहीसं झालं. मी गल्लीभर विचारत फिरले होते. यांना म्हटलं, चोराने चारांतलं नेमकं उबदारच उचललं. हे म्हणाले, "ज्याने नेलं, त्याच्या माणसाला ऊब मिळो."

मी दोन दिवस बोलले नव्हते. चोराला आशीर्वाद देणारा नवरा!

९ फेब्रुवारी

आल्या. तपासनीस बाई माझ्या लेकीहून थोड्या मोठ्या असतील. खिशात टॉर्च, दांडीला लावलेला छोटा आरसा. चप्पल काढायला लागल्या, मी म्हटलं, शेड आहे ती, घर नाही. "तुमच्याकडे बघून तसं वाटलं," म्हणाल्या. लेकही आली होती, ऑफिसला सुटी टाकून.

गाडी मी बाहेर काढली. उशी घेऊन, मान उंचावून. लेक तोंडावर हात ठेवून बघत होती. तिला सांगितलंच नव्हतं.

बाई गाडीखाली झोपल्या. बोल्टांच्या डोक्यांवरच्या खुणा आरशात बघितल्या. दिवे, जॅक, फाळक्याच्या साखळ्या, हौद्याच्या फळ्या, काचेच्या कोपऱ्यातला शिक्का. हॉर्नच्या बटणावरून अंगठा फिरवून म्हणाल्या, "तीन वर्तुळं! हे लोक विसरतात." मिस्त्रीने आकाशाकडे बघितलं. अर्ध्या खुणेवर टॉर्च धरला. "खडूच आहे," म्हणाल्या. "कोणी घासलं हे?" मी हात वर केला, शाळेत करतात तसा. हसल्या. "राहिलंय तेवढं पुरे आहे."

मग सीट. आधी दोन्ही बाजूंवर तळहात दाबले. मग एक लांब सरळ पट्टी काढून आडवी ठेवली. पट्टी कलली. माझ्या नेहमीच्या बाजूने वर.

"स्टिअरिंगकडची बाजू दबलीय," मी म्हटलं. "आमचे हे अंगाने चांगले होते."

"दबलेली नाही, ती बरोबर आहे. ही दुसरी वाढलीय. मागून उघडून बघू?"

मिस्त्री काठीकडे बघत होता. बाईंनी मागची शिवण चार बोटं उसवली, आत हात घातला आणि एक टोक बाहेर ओढलं.

करडं.

घडीवर घडी घातलेलं, कडेने जाड दोऱ्याने टाके मारून स्प्रिंगांना बांधलेलं. टाके यांचेच, प्रत्येकाच्या शेवटी दोन गाठी. फक्त माझ्या बाजूला. मी बसायचे तेवढ्याच जागेत.

मिस्त्री म्हणाला, "दादांनी शपथ घातली होती वहिनी. म्हणाले, तिला कळलं तर बसायची नाही. म्हणेल, माझ्यासाठी गाडी बिघडवली."

बाईंना काही कळलं नाही, मग लेकीने हळूच सांगितलं. त्यांनी टॉर्च विझवला. म्हणाल्या, "एवढी एकच वस्तू कंपनीची नाही. बाकी गाडी अशीच निघाली होती."

बोलल्या ते वाक्य. यांचं वाक्य. मी ऐकलं.

"हे काढायचं काम पाच मिनिटांचं. आत्ता काढते, शिवण घालते आणि अस्सल म्हणून सही करते."

मी विचारलं, तिकडे नेल्यावर गाडी सुरू कधी करता? "सुरू नाही करत. पेट्रोल, ऑइल सगळं काढून ठेवतो. चाकं टेकूवर. टिकते त्याने." अगदी मायेने सांगितलं त्यांनी.

म्हटलं, आज नको. आठवडाभर द्या.

१० फेब्रुवारी

लेक मुक्कामाला राहिली होती. सकाळी चहा घेताना म्हणाली, "आई, एका ब्लँकेटसाठी? बाबांना हेच तर हवं होतं."

मी म्हटलं, "तुझ्या बाबांना खिळासुद्धा वेगळा चालत नव्हता."

"तेच म्हणतेय मी."

"मीही तेच म्हणतेय."

ती कपाच्या कानाशी खेळत बसली. मग म्हणाली, "चोराला आशीर्वाद दिला होता ना त्यांनी?" आणि आम्ही दोघी हसलो. हसता हसता तिचं रडण्यात गेलं. मी पाठीवरून हात फिरवला. ती गेल्यापासून घर फार मोठं वाटतंय.

१२ फेब्रुवारी

दिवसभर शेडमध्ये. माझ्या जागेवर बसून राहिले. समोर शेडची भिंतच, पण सगळी दिसते.

यांनी हे शिवलं तेव्हा मनात काय आलं असेल? बोल्टावरची खूण चुकली तर आठवडाभर झोप न येणारा माणूस. तपासायला कोणी तरी येणार, पट्टी कलणार, हे यांना ठाऊक असणार. ठाऊक असून अर्ज केला. आणि ते काढून ठेवायचं विसरतील असे हे नव्हेत.

एवढ्यात मिस्त्री आला. काय ठरलं, विचारलं नाही. पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर बसला. जाताना म्हणाला, "वहिनी, गाडी उभी राहिली की आधी टायर मरतात. मग बाकीचं."

१४ फेब्रुवारी

काल ब्लँकेट काढलं. टाके एकेक करून उसवले, दोरा गुंडाळून डब्यात ठेवला. ब्लँकेट झटकलं, दिवसभर दोरीवर उन्हात टाकलं. तपासनीस बाईंना फोन केला, म्हटलं, तुम्ही नीट बघितलंत, पण गाडी देत नाही. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं."

संध्याकाळी तेच ब्लँकेट तशाच घड्या घालून स्टिअरिंगच्या बाजूला भरलं. त्याच दोऱ्याने शिवलं. शेवटी दोन गाठी.

आज सकाळी दूध तापवलं, अंगण झाडलं, फाटक उघडलं आणि गाडी घेऊन लेकीच्या गावी गेले. तिला बाजूला बसवून एक फेरी मारली. माझ्याच उंचीची ती. म्हणाली, "आई, मला पुढचं काही दिसत नाही गं."

म्हटलं, मला दिसतंय.