लाल गाडी की पांढरी?

रविवार, संध्याकाळ

गॅरेजवर आज दोन स्पोर्ट्स कार आल्या. दोन्हींचे सायलेन्सर मीच बदललेले. गाड्यांचे मालक म्हणाले, "दादा, जास्त कुठली वाजते? तुमच्या कानाला तोड नाय." आधी पांढरी रेस करायची, मग लाल, असं ठरलं. मला दोन्ही आवाज सारखेच, पार लांबून आल्यासारखे. म्हणून गाड्यांकडे पाठ करून टेबलावरच्या चहाकडेच बघत राहिलो. दुसऱ्या खेपेला चहा जास्त थरथरला.

"लाल," मी म्हणालो.

सगळे हसले. लाल सुरूच झाली नव्हती, दोन्ही खेपेला पांढरीच रेस केली होती! मी मस्करी करतोय असं समजले. मीही हसलो. दुसरं काय करणार? ह्याच कानांवर पोट भरलं.

आत्ता बायको समोर उभी राहून काहीतरी सांगतेय. तिच्या हातातला चहा हलतही नाही.