फिरत्या घरातली शेगडी

देवपूर, धुळे

प्रिय अभिमन,

आज दुपारी माझ्या फिरत्या घरात पहिला चहा झाला. फोनवरही सांगता आलं असतं, पण तू मध्येच बोलतोस आणि माझं मुख्य ते राहून जातं. म्हणून लिहिते आहे. दुकान बंद करून निवांत वाच.

दिवाळीनंतर आपली कॉलेजची मंडळी भेटली, तेव्हा मी जीपमागे जोडायचं छोटं घर बांधून घेतेय असं सांगितलं आणि सगळे हसले. तू मात्र विचारलंस, “गॅस कुठे ठेवणार?” मी म्हटलं, पलंगाखाली. तुझा चेहराच उतरला. धरणगावच्या तुमच्या चहाच्या दुकानात सिलिंडर गळून भडका उडाला होता, तुझ्या थोरल्या भावाचे हात भाजले होते, हे मला ठाऊक असून त्या क्षणी आठवलं नाही. तू हळूच म्हणालास, “हेमा, तसं असेल तर मला त्यात बसायला सांगू नकोस.” पाटणादेवीच्या सहलीला मी तुला त्यात बसायला सांगणार होते, हे तू कसं ओळखलंस? घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच घोळत होतं.

दुसऱ्याच दिवशी नरडाण्याला गेले. तिथल्या शेडमध्ये तोतारामभाऊंनी ट्रेलरचं काम जवळजवळ उरकलं होतं. पलंगाखालचा कप्पा काढा म्हटल्यावर, सगळं झालेलं काम आता का मोडायचं म्हणून ते वैतागले. “ताई, बठ्ठं काम तयार शे, आते कसाले मोडतस?” मी समजावलं, की गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठून राहतो, झोपणाऱ्याच्या खाली तो नको. कॉलेजच्या प्रयोगशाळेत अख्खी नोकरी काढली, ती अशी कामाला आली. मग भाऊंनी पुढे, जीपला जोडतात त्या दांड्यावर, बाहेरच्या बाजूला लोखंडी पेटी बसवली, तळाला भोकं ठेवून. धुळ्याहून गॅसजोडणीचा परवाना असलेला मेकॅनिक नेला. त्याने सिलिंडर उभा ठेवून पट्ट्याने आवळला, तांब्याची नळी गाडीच्या तळाखालून नेली आणि पत्र्यातून आत येते तिथे घासू नये म्हणून रबरी कडं घातलं. शेगडीही अशी घेतली, की ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होतो. गळतीचा भोंगा घोट्याच्या उंचीला लावला, खिडकीखेरीज जमिनीलगत एक जाळीही ठेवली.

शेगडी बसवताना तोतारामभाऊ म्हणाले, “एकल्या माणूसले दोन बर्नर कसाले जोयजे?” मी म्हटलं, एकावर भाजी, एकावर चहा. माझ्यासोबत मयुरी आली होती. लेकीने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि तोंड फिरवून हसत बसली.

मग साबणाच्या पाण्याची तपासणी. सगळ्या सांध्यांना फेस लावला, तर एका वळणावर बारीक बुडबुडा फुगला. मेकॅनिकने आवळलं, तरी पुन्हा फुगला. भाऊ म्हणाले, इतकासा तर आहे. मला तुझा उतरलेला चेहरा दिसत होता. तो सांधा मी कापायलाच लावला आणि नवा बसवून घेतला. तेवढ्यावरही भागलं नाही. सिलिंडर बंद करून नरडाणा ते धुळे महामार्गावर ट्रेलर मुद्दाम खड्ड्यांतून ओढून आणला, कारण हादऱ्यांनी सांधे सैल पडतात. घरासमोर सिलिंडर उघडून पुन्हा फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही. मागून मोटारसायकलवर आलेले तोतारामभाऊ टाळ्या वाजवू लागले, गल्लीतली माणसं जमली, आणि मी दार-खिडकी उघडी टाकून पातेलं चढवलं. कुरकुरणाऱ्या भाऊंनीच दोनदा चहा मागून घेतला.

कॉलेजच्या सहलीत लळिंगच्या किल्ल्याखाली आपण चहा केला होता. ओली लाकडं फुंकून फुंकून तुझे डोळे लाल झाले होते आणि तरी पहिला कप तू मला दिलास. पुढे तुझं लग्न झालं, माझं झालं, दोघांचेही संसार चांगले झाले. माझे विनायक गेले, तेव्हा दर रविवारी तुझा फोन यायचा. तुझी मालती गेल्यावर मी करू लागले. अजूनही रविवार उजाडला, की मी आंघोळ उरकून फोन जवळ ठेवते. हे तुला कधी सांगितलं नाही.

काल रात्री जेवताना मयुरीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आई, मला कधीचं कळलंय. त्यांना कळलंय का ते विचार.” म्हणून विचारते. पाटणादेवीच्या एका सहलीपुरतं नाही, पुढच्या सगळ्या दिवसांसाठी मला तुझी सोबत हवी आहे. रीतसर, नोंदणी करून. तुझ्या मुलाशी मोकळेपणाने बोल, वाटलं तर मी सुरतेला जाऊन त्याला भेटते. रविवारी धरणगावला येतेय. नको वाटलं तर तसं सांग, मी चहा पिऊन परत येईन आणि आपली मैत्री होती तशीच राहील. हो असेल, तर दारात उभा राहा. मला लांबूनच कळू दे.

तुझीच,
हेमलता