चिंचेच्या बुडख्यावरचा वार

धुरपता,

रोशनले घेऊन मी गोंदियाच्या दवाखान्यात चाललो. तुझा भाऊ जिवंत आहे, घाबरू नोको. गोरेगावात मशीननं चिंचेचा बुडखा काढत होतो, तं ज्यानं आमाले काम देल्लं त्या मालकाचा चुलतभाऊ कुऱ्हाड घेऊन धावला. "माझ्या जागेतला बुडखा काऊन काढता?" म्हणे. पहिला घाव रोशनच्या खांद्यात बसला. दुसरा उचलला तवा मी हातातल्या लोखंडी सब्बलीनं त्याचा हात मोडला. तो खाली पडला, तरी मी मारतच राहिलो. रोशननंच मले एका हातानं मागं ओढलं. तो माणूस वाचते का नाही, मले माहीत नाही.

त्याचे लोक घरी येतील. अंजूले घेऊन लगेच तुझ्या मायकडे जा. रोशनले भरती करून मी स्वतःच ठाण्यात जातो. पोरीले खरं तूच सांग, दुसऱ्याच्या तोंडून ऐकू देऊ नोको.

टिकाराम