चौकट सॉफ्टवेअरची हकीकत

विश्रामबाग, सांगली
१२ मार्च १९९७

तीर्थस्वरूप बाळासोमामांना अवधूतचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे आईचा खोकला ओसरला आहे, बाकी सगळे ठीक.

मागच्या खेपेला साताऱ्यात आपण विचारलंत, की तुझी कंपनी नेमकं बनवते तरी काय, आणि मी नुसता चहा पीत राहिलो. ते उत्तर आता लिहून पाठवतो.

मी आणि फारूकनं (माधवनगरचा, कॉलेजात माझ्याच बाकावर बसायचा) त्र्याण्णव साली 'चौकट सॉफ्टवेअर टूल्स' काढली. कचेरीचं काम कसं चालतं ते कॉम्प्युटरवर चौकटी आणि बाण काढून मांडायचं, की त्या चित्रावरून प्रोग्रॅम आपोआप तयार होतो, असं साधन आम्ही बनवतो. म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची हत्यारं. पाटी लागली त्याच आठवड्यात दोघे जण सागवानी चौकटीचा भाव विचारून गेले, आणि (हे आईला सांगू नका) तसली गिऱ्हाइकंच अजून जास्त येतात.

पहिलं खरं काम मिळालं इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्याचं. उसाच्या वजनापासून बिलापर्यंतचा कागद कुठून कुठे जातो, ते सगळ्यांना विचारून आम्ही चित्र काढलं आणि सभागृहाच्या भिंतीवर लावलं. शाळेच्या ग्रुप फोटोत शोधावं तसा जो तो आपापली चौकट शोधू लागला. ऑफिस सुपरिंटेंडेंट मानसिंगरावांची (सगळी नोकरी तिथंच झालेली, स्वभावानं अत्यंत सज्जन) चौकट एका कोपऱ्यात होती. तिच्यात एकही बाण येत नव्हता, तिच्यातून एकही जात नव्हता. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि हळूच विचारलं, "आवं, माझ्याकडं काईच येत न्हाई व्हय?" कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

फारूकला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्यानं मानसिंगरावांच्या चौकटीला दोन बाण जोडले, एक येणारा, एक जाणारा. मी म्हटलं, "अरे, हे नुसतं चित्र नाही, याचा प्रोग्रॅम होणार आहे." तो म्हणाला, "होऊ दे. माणूस हाय त्यो."

हंगाम सुरू झाला आणि वजनाची प्रत्येक पावती मानसिंगरावांच्या मंजुरीसाठी थांबू लागली. दुसरा कुणी असता तर डोळे मिटून बटण दाबत बसला असता. मानसिंगरावांनी प्रत्येक पावती वाचली. (काही ठिकाणी शुद्धलेखनही सुधारायला सांगितलं.) उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर पार डांबरी रस्त्यापर्यंत तुंबले, आणि आमचा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा कार्बन पेपर काढण्यात आले. कंपनी बुडाली असंच आम्ही धरून चाललो.

मग एका दुपारी मानसिंगराव एसटीनं आमच्या ऑफिसात आले. पाणी प्यायले आणि फारूकला म्हणाले, "त्ये बाण काढा."

"मग तुमचं काय?" फारूकनं विचारलं.

"माझ्याबिगर चालतंय हे भिंतीवर बघितलं तवा वाईट वाटलं. पर बैलं उन्हात उभी बघून त्याहून लय वाईट वाटलं."

बाण काढले. संचालकांना त्यांनी स्वतः समजावलं, प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाला आणि आजही चालतो आहे. ते त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी आमच्या कंपनीचं नाव घेतलं. आजवर तेवढीच आमची जाहिरात.

तर मामा, आम्ही हे बनवतो. आता मात्र पुण्याच्या कंपन्या परदेशी साधनं रंगीत खोक्यांतून आणून विकतात आणि लोक ती खोकी बघूनच घेतात. असो. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
अवधूत

ता. क. साताऱ्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची जागा निघाली आहे आणि तिथं आपला शब्द चालतो, असं आई परवा आमच्या ऑफिसात येऊन म्हणाली. ती जागा मला मिळेल का? कंपनीवर एकाचंच घर चालेल, दोघांचं नाही, आणि ती फारूककडं राहायला हवी. त्याला यातलं काही बोलू नका.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात फारूकनं माझ्याकडं आपला साताऱ्याचा पत्ता मागितला. कशाला, ते सांगेना. आई ते बोलली तेव्हा तोही तिथंच होता. त्याचं पत्र आलं, तर जागा भरली म्हणून कळवून टाका.